पाऊस पडला तरी बी का उगवत नाही?

मोड काढायला मटकी रात्री भिजत घातली की सकाळी भांड्याच्या तळाशी काही दाणे जसेच्या तसे सापडतात. बाकीची मटकी टम्म फुगलेली असते आणि हे गणंग मात्र कोरडे, टणक, दाताखाली आले तर दात दुखावणारे. आपण ते निवडून फेकतो. पण झाडाच्या बाजूनं पाहिलं तर त्या वाटीतलं सर्वात सावध बी तेच. मुगाच्या रानटी भावंडांचं बहुतेक बी असंच असतं, पाण्यात टाकलं तरी भिजत नाही. शेतकऱ्याला पेरलेलं सगळं एकदम उगवायला हवं असतं, त्यामुळे हजारो वर्षं बियाणं निवडता निवडता माणसानं हा गुण जवळजवळ पुसून टाकला. रानात तो टिकून आहे, कारण रानात सगळ्यांनी एकदम उगवणं घातक ठरू शकतं.

हे नेमकं कसं ते समजून घ्यायला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाइतकी सोयीची जागा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथलं रान पानं झाडून मोकळं होतं आणि त्याच वेळी सावर, पळस, पांगारा, कौशी फुलतात. पानांची आडकाठी नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांची नुसती झुंबड उडते. एप्रिल-मेपर्यंत शेंगा आणि बोंडं पिकतात, सावरीचा कापूस उडायला लागतो, वावळाच्या पापड्या वाऱ्याबरोबर रस्त्यावर लोळतात. म्हणजे वर्षातल्या सर्वात कोरड्या, सर्वात तापलेल्या जमिनीवर नवं बी येऊन पडतं. अशात एखादी अवकाळी सर येते. माती दोन दिवस ओली राहते आणि मग पुन्हा रखरखीत ऊन. त्या दोन दिवसांना भुलून जे बी उगवेल त्याचं रोप आठवडाभरात करपणार. खरा पाऊस मुंबईत साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला होता. तारखेवर भरवसा ठेवता येत नाही. मग आलेलं पाणी अवकाळीचं की मोसमी पावसाचं, हे बियांनी ओळखायचं कसं?

इथे आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण बागकामाच्या गप्पांमध्ये तो नेहमी हरवतो. डब्यातले मूग उगवत नाहीत ते केवळ पाणी नाही म्हणून. पाणी मिळालं की दुसऱ्या दिवशी मोड हजर. हे नुसतं वाट पाहणं झालं. सुप्तावस्था वेगळी. पाणी आहे, हवा आहे, तापमान ठीक आहे, बी जिवंत आहे, आणि तरीही ते उगवत नाही. त्याच्या आतच काहीतरी अडवून धरणारं असतं. ते अडवणारं काय आहे यावरून बियांचे प्रकार पडतात. रशियन शास्त्रज्ञ मारियाना निकोलायेवा यांनी या प्रकारांची घडी बसवली आणि अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या कॅरोल आणि जेरी बास्किन या दांपत्यानं ती हजारो वनस्पतींपर्यंत नेली. आज जगभर तीच वर्गवारी वापरतात.

या अभ्यासातली सर्वात नवलाची झाडं आपल्याकडची नाहीत. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड जंगलांत, बर्फ वितळल्यापासून ते मोठ्या झाडांना पालवी फुटून सावली दाटेपर्यंत, जमिनीवर काही आठवडे भरपूर ऊन पोचतं. तेवढ्या वेळात तिथली ठेंगणी रानफुलं उगवून, फुलून, बी धरून मोकळी होतात. आपल्या पळस-सावरीचं गणितही त्याच धर्तीचं आहे, फक्त तिथला वैरी हिवाळा आणि इथला उन्हाळा. तिथलं बी उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा मध्यावर जमिनीवर पडतं. माती ओलसर असते, हवा उबदार असते. आपल्याला वाटेल, उगवायला याहून चांगली वेळ कुठली? पण तेव्हा उगवलेल्या कोवळ्या रोपाला दाट सावलीत वाढून काही महिन्यांत हिवाळ्याला तोंड द्यावं लागेल. म्हणून ते बी थांबतं.

ट्रिलियम हे त्यातलं सर्वात धीराचं. तीन पानं, तीन पाकळ्या, मोठं पांढरं फूल. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या रानांत ते गालिच्यासारखं पसरतं. त्याच्या प्रत्येक बीला एक मऊ, तेलकट बोंडुक चिकटलेलं असतं. मुंग्या त्या बोंडुकासाठी बी उचलून वारुळात नेतात, तेवढा भाग खातात आणि बी आतच टाकून देतात. तिथे बियाचा पहिला हिवाळा जातो. पुढच्या उन्हाळ्यात त्यातून फक्त मूळ बाहेर येतं. कोंब नाही, पान नाही, जमिनीवर काहीही दिसत नाही. कोंबाची सुप्तावस्था मुळापेक्षा वेगळी असते आणि ती सुटायला आणखी एक हिवाळा लागतो. दुसरा हिवाळा सरल्यावर वसंतात एक साधं पान वर येतं. त्यानंतर पहिलं फूल यायला आणखी कितीतरी वर्षं. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसा इथे पहिला हिवाळा मुळाचं दार उघडतो आणि दुसरा कोंबाचं. एका किल्लीनं काम भागत नाही.

इंग्लंडच्या रानांतलं ब्लूबेल याच्या उलट वागतं. त्याला आधी ऊब लागते आणि नंतर थंडी. त्याचं बी उन्हाळाभर तापलं की शरदात तापमान उतरल्यावर मूळ धरतं आणि वसंतात पान वर येतं. त्याच रानात, कदाचित त्याच पाचोळ्याखाली वुड अॅनिमोनीचं बी असतं. त्याची अडचण आणखी वेगळी आहे. ते झाडावरून पडतं तेव्हा आतला अंकुर पुरता वाढलेलाच नसतो. बाहेरून बी पिकलेलं दिसतं, पण आतलं बाळ अजून अपुरं. उन्हाळाभर ओल्या मातीत ते बीच्या आतल्या आत वाढतं, शरदात मूळ काढतं आणि थंडी संपली की कोंब.

हा अपुऱ्या अंकुराचा प्रकार पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. सीताफळाचं बी घ्या आणि धारदार सुरीनं उभं चिरा. आत जवळजवळ सगळी जागा पांढऱ्या, सुरकुत्या पडल्यागत दिसणाऱ्या अन्नसाठ्यानं व्यापलेली असते. अंकुर शोधावा लागतो. टोकाशी, भिंग लावलं तर नीट दिसेल एवढासा. त्याला आधी तो साठा खात वाढायचं असतं, मगच कवचातून बाहेर. म्हणून सीताफळ पेरल्यावर महिनाभर कुंडीत काही दिसत नाही आणि लोक बी वाया गेलं म्हणून माती उलटून टाकतात. माझी कळकळीची विनंती आहे की तसं करू नका, ओल टिकवा आणि थांबा. (बी चिरल्यावर हात साबणानं धुवा. सीताफळाच्या बियांची भुकटी डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते.)

अंकुर पूर्ण वाढलेला आहे, कवच पाणी आत घेतं आहे, तरी बी उगवत नाही, असंही होतं. तिथे अडसर रसायनांचा असतो. अॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक बी पिकताना त्यात साठतं आणि अंकुराला रोखतं. जिबरेलिन त्याच्या विरुद्ध काम करतं, साठ्याचं अन्न मोकळं करतं, कवचाजवळच्या पेशी सैल करतं. या जिबरेलिनचा शोध लागला तो भाताच्या एका रोगातून. रोप नुसतं उंच-फिकट वाढून लोळतं, त्याला कारण असलेल्या बुरशीतलं द्रव्यच हे करतं, असं जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. बी झोपणार की उठणार हे अॅबसिसिक आम्ल आणि जिबरेलिन यांच्या तोलावर ठरतं. ओल्या थंडीत काही आठवडे गेले की थंड मुलखातल्या बियांमध्ये तो तोल हळूहळू जिबरेलिनकडे झुकतो. उष्ण मुलखात हेच काम अनेकदा कोरडा उन्हाळा करतो. बी नुसतं कोरडं पडून राहतं आणि तेवढ्यानंच महिन्यामहिन्यानं त्याची झोप पातळ होत जाते. कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. काही भातजातींचं ताजं बी कापणीनंतर काही आठवडे उगवतच नाही. ज्या जातींत ही झोप नाही, तिथे परतीचा पाऊस लांबला की उभ्या लोंबीतच दाण्यांना मोड येतात आणि हातातलं पीक जातं.

आता बहाव्याकडे येतो, कारण माझ्या मते मुंबईकरांनी बियांचं शास्त्र शिकायचं तर याच झाडापासून शिकावं. तो रस्त्यांवर आहे, सोसायट्यांमध्ये आहे, आणि त्याच्या काळ्या, हात-दीड हात लांब शेंगा सहज मिळतात. एक शेंग फोडा. आत पातळ आडव्या पडद्यांचे कप्पे, त्यांवर काळपट चिकट गर, वास उग्र गोडसर. प्रत्येक कप्प्यात एक चपटं, तपकिरी, चकचकीत बी. धुऊन रात्रभर पाण्यात टाका. सकाळी एखाददुसरं फुगलेलं असेल, बाकी सगळी जशीच्या तशी. पाणी आत शिरलेलंच नाही. कवचात उभ्या पेशींची एक घट्ट रांग असते आणि तिच्यातून पाण्याचा थेंबही पार होत नाही. मटकीतल्या गणंगाचं कारणही हेच. कडधान्यांच्या कुळात हा प्रकार सर्रास आढळतो. बहावा, गुंज, टाकळा, सगळे त्यातले.

अशा कवचात एक ठरलेली कमजोर जागा असते, बीच्या नाभीजवळ. उन्हात तापणं आणि रात्री निवणं हे दिवसेंदिवस होत राहिलं की ती जागा उकलते आणि मग पाणी आत जातं. पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या कडधान्यांच्याच कुळातल्या, कुरणात वाढणाऱ्या वनस्पतीवर हे तपासून पाहिलं गेलं आहे. रोज १५ अंश ते ६० अंश अशी चढउतार मिळालेल्या बियांचं कवच सैल पडत गेलं. आपल्याकडेही मोकळ्या जमिनीचा पृष्ठभाग एप्रिल-मेच्या दुपारी ५० अंशांच्या वर जातो. तेव्हा अवकाळी सरीत न उगवलेलं बी काय करत असतं, याचं उत्तर इथे आहे. ते पाण्यावर विश्वास ठेवतच नाही. ते आधी उन्हाळा मोजतं. संपूर्ण उन्हाळा अंगावर घेतल्याशिवाय त्याचं दार उघडत नाही, आणि उन्हाळा पूर्ण झाल्यावर येणारं पाणी हे बहुतेक वेळा खऱ्या पावसाचंच असतं.

नाभीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूझीलंडमधल्या हाइड या संशोधकानं १९५४ मध्ये दाखवलं की क्लोव्हर आणि ल्युपिनच्या बियांची नाभी एका दिशेनंच काम करते. बाहेरची हवा कोरडी असेल तर ती उघडते आणि आतली वाफ बाहेर जाऊ देते. हवा दमट झाली की मिटते. त्यामुळे बी आजवर भेटलेल्या सर्वात कोरड्या हवेइतकं कोरडं होतं आणि तसंच राहतं. अशा कवचाच्या बिया किती टिकतात? चीनमधल्या एका जुन्या, सुकून गेलेल्या तळ्याच्या मातीतून काढलेलं कमळाचं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं बी उगवल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. कमळ हे कडधान्याच्या कुळातलं नाही, पण त्याचंही कवच पाणी अडवतं. पूजेच्या सामानाच्या दुकानात सुटं कमळबी मिळतं. माळेतलं नको, त्याला भोक पाडलेलं असतं आणि ते कुजतं. एका टोकाला काचपेपरवर घासत राहा, आतला फिकट थर दिसला की थांबा, आणि पाण्याच्या ग्लासात टाका. पाणी रोज बदला. काही दिवसांत हिरवा कोंब वर येतो. लहान मुलांना बी जिवंत असतं हे पटवायला मला याहून चांगला प्रयोग माहीत नाही.

दीर्घायुष्याची सर्वात सबुरीची परीक्षा मात्र अमेरिकेत मिशिगनमध्ये चालू आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये वीस बाटल्यांमध्ये वाळूत तणांच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि पेरून पाहायची. २०२१ मध्ये रात्रीच्या अंधारात, बियांवर उजेड पडू नये म्हणून, एक बाटली काढली गेली आणि तिच्यातल्या मुलेन नावाच्या तणाच्या बिया उगवल्या. शेवटची बाटली २१०० मध्ये निघायची आहे.

अंधार का पाळला? कारण बारीक बियांपैकी अनेकांना उजेडाची खूण लागते, आणि ती जंगलात फार महत्त्वाची. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात लेट्यूसच्या ओल्या बियांवर आळीपाळीनं लाल आणि त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश टाकला गेला. शेवटचा झोत लाल असेल तर बिया उगवल्या, अतिलाल असेल तर थांबल्या. मधले किती झोत पडले याला काही महत्त्व नव्हतं. झाडाची पानं सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतात आणि अतिलाल खाली जाऊ देतात. म्हणजे दाट झाडोऱ्याखालच्या बियांना वर छत्र आहे हे कळतं. झाड उन्मळून पडलं, छत्र फाटलं, की लाल प्रकाश खाली पोचतो आणि खालचं बी जागं होतं.

सगळेच झोपतात असंही नाही. आंबा, फणस, जांभूळ यांचं बी पडतं तेच मुळी पाऊस तोंडावर असताना किंवा सुरू झाल्यावर, आणि ते थांबूच शकत नाही. वाळलं की मेलं. अशा बियांचा वेगळा गट १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉबर्ट्स यांनी मांडला. खाडीतला कांदळ तर याही पुढे जातो. त्याचं बी फळ झाडावर असतानाच उगवतं आणि त्याचा लांब हिरवा दांडा फांदीला लोंबतो. रोज दोनदा भरती येणाऱ्या चिखलात वाट पाहत पडून राहणं त्याला परवडणारं नाही.

आणि कारवी तिसराच मार्ग घेते. राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये आणि मग २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर फुलली. फुलून झाल्यावर तिची बोंडं वाळक्या झुडपावरच उन्हाळा काढतात आणि पाऊस आला की तडतड फुटून बी उडवतात. बी जमिनीवर पडतं तेच ओल्या मातीत.

आता जूनकडे वळू. मुंबईत दर पावसाळ्याआधी बीजगोळे करायची लाट येते. शाळा, सोसायट्या, कंपन्या, सगळे उत्साहानं करतात आणि त्या उत्साहाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एकाच मातीत सगळ्या बिया सारख्याच गुंडाळून टेकडीवर टाकल्या तर बऱ्याच फुकट जातात. वर्षभर डब्यात जपलेली आंब्याची कोय किंवा जांभळाची बी मेलेली असते, तिचा गोळा करून उपयोग नाही. ती खाल्ल्याच्या आठवड्यात कुंडीत लावा. पळस आणि वावळ त्याच उन्हाळ्यातलं ताजं बी असेल तर काहीही न करता उगवतात. साग मात्र काही केल्याशिवाय सहसा ऐकत नाही. त्याचं टणक, लोकरीसारखं आवरण असलेलं फळ रोपवाटिकांमध्ये रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळवतात आणि हे आठवडा-दोन आठवडे आलटून पालटून करतात. तरीही ते एकदम उगवत नाही, काही फळं महिन्यांनी जागी होतात. त्याचा वाफा लवकर मोडू नका.

थंड देशांतल्या फुलांचं बी मागवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. लॅव्हेंडर, डेल्फिनियम अशा बियांना हिवाळा लागतो आणि तो मुंबईत फ्रिजमध्येच मिळतो. पण बियांचं पाकीट नुसतं फ्रिजमध्ये ठेवून काहीच होत नाही, कारण कोरड्या बीला थंडी कळत नाही. बी आधी ओलं हवं. ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून, पिशवीत घालून, ४-५ अंशांवर काही आठवडे ठेवा. फ्रीजरमध्ये नको. ट्रिलियमच्या वाट्याला मात्र जाऊ नका, दोन हिवाळे फ्रिजमध्ये काढून ते उगवलं तरी इथल्या उकाड्यात जगणार नाही.

राहिला बहावा. नाभीचा ठिपका जिथे दिसतो त्याच्या विरुद्ध टोकाला नेलकटरनं कवचाचा अगदी बारीक टवका काढा किंवा काचपेपरवर घासा, रात्रभर भिजवा, सकाळी फुगलेलं बी लावा. आठवडा-दोन आठवड्यांत दोन पोपटी दळं वर येतात. पण टेकडीवर टाकायच्या बीजगोळ्यांसाठी मी सगळं बी घासत नाही. अर्धं घासतो आणि अर्धं तसंच ठेवतो. घासलेलं बी याच पावसात उगवेल, आणि जुलैत तीन आठवडे उघडीप पडली तर तीच रोपं आधी मरतील. न घासलेलं बी मातीत राहील. त्यातलं काही पुढच्या जूनमध्ये, काही त्याच्याही पुढच्या.